पिल्लू माझ्यावर गुरगुरलं तेव्हा

पिल्लू पहिल्यांदा माझ्यावर गुरगुरलं तेव्हा ते नऊ महिन्यांचं होतं. सकाळी त्याच्यासमोर दूध-भाकरीची ताटली ठेवली आणि रोजच्यासारखी पाठीवरून हात फिरवायला वाकले. त्यानं तोंड ताटलीतच ठेवलं, पण अंग ताठ केलं. आतून एक बारीक, सलग आवाज यायला लागला. आधी वाटलं, शेजारच्या शेतातली मोटार चालू झाली असेल. मग त्याचा डोळा दिसला, कडेचं पांढरं दाखवत माझ्याकडं वळलेला. मी हात काढून घेतला, घरात आले आणि दाराला आतून कडी लावली. कडी लावल्याचं नंतर माझ्या लक्षात आलं.

हे कारवानी जातीचं कुत्रं. लांब पाय, निमुळतं तोंड, पोट आत ओढलेलं. माझ्या माहेरी, कंधारकडं, वडील आयुष्यभर ही कुत्री पाळत आले. त्यांनीच दोन महिन्यांचं पिल्लू पिशवीत घालून एसटीनं रेणापूरला आणून दिलं होतं. आमचं घर गावाबाहेर, शेताच्या कडेला. नवरा लातूरला डाळ मिलमध्ये कामाला. मी जवळच्या गावात शिकवते आणि सात वर्षांची मुलगी माझ्याबरोबरच शाळेत येते. पिल्लू तिच्या पायांवर डोकं ठेवून झोपायचं. हाक मारली की इतक्या घाईनं यायचं, की स्वतःच्याच पायांत अडखळून पडायचं.

सोयाबीन निघालं त्या सुमारास हे सगळं बदललं. हाक मारली तरी बांधावर उभं राहून लांब कुठंतरी बघत बसायचं. अंगणातला निळा ड्रम त्यानं लहानपणापासून पाहिलेला, एके दिवशी त्याच्यावरच पाठीचे केस उभे करून भुंकायला लागलं. मुलीजवळ झोपणं सोडून लिंबाखाली एकटं पडून राहायला लागलं.

"मोठं होऊन राहिलंय," नवरा म्हणाला. मी मान हलवली. पण माझ्या मनात दुसरंच होतं, आणि ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मी आठ वर्षांची असताना आमच्या गल्लीतल्या एका माणसाला घरचंच कुत्रं चावलं होतं. त्यानं मनावर घेतलं नाही. काही महिन्यांनी त्याच्या बायकोनं त्याला पाण्याचा पेला दिला, तेव्हा मी त्यांच्या ओसरीवर होते. पेला तोंडाजवळ नेताच त्याचा गळा आवळल्यासारखा झाला, आणि त्या मोठ्या माणसानं घाबरून पेला लांब भिरकावला. त्याला जीपमधून नांदेडला नेलं. तो परत आला नाही. पुढं कितीतरी दिवस मी सकाळी उठल्याबरोबर पाणी पिऊन बघायचे, गिळता येतंय ना म्हणून.

आणि आमच्या पिल्लाला पिसाळण्याची एकच लस दिलेली होती. दुसरीला डॉक्टरांनी बोलावलं होतं. काढणी, शाळेची परीक्षा, राहून गेलं. त्यातच दोन महिन्यांपूर्वी ते रस्त्यावरच्या एका कुत्र्याशी भांडून ओठ फाडून घेऊन आलं होतं. मी हळद लावली आणि गप्प बसले.

एका रविवारी सकाळी मुलीनं त्याच्या गळ्यात हात टाकले.

"आई," एवढंच ती म्हणाली. ओरडलीसुद्धा नाही. हातावर दाताच्या दोन खुणा आणि रक्ताची बारीक धार. मी तिला बोअरच्या नळाखाली धरलं आणि साबण लावून हात धूत राहिले.

"आई, बास की. गार लागतंय."

मी थांबले नाही. नवऱ्यानं मोटरसायकल काढली तेव्हा कुठं नळ बंद केला.

लातूरला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कुत्रं घरचं की बाहेरचं?"

"घरचं."

"लस दिलीय?"

"एक."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. डॉक्टर लिहीत राहिले. जखमेभोवती इंजेक्शन देताना मुलगी माझ्या दंडाला चावली. "कुत्र्याला मारू नका, सोडूही नका," डॉक्टर म्हणाले. "दहा दिवस बांधून ठेवा. खाण्यापिण्यात, वागण्यात बदल दिसला तर लगेच या."

बदल दिसला तर. महिनाभर मी दुसरं काय बघत होते?

परतताना, मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये बसलेली असताना, मी नवऱ्याला त्या रस्त्यावरच्या कुत्र्याचं सांगितलं. त्यानं गाडी कडेला घेतली. "आत्ता सांगून राहिलीस?" एवढंच बोलला आणि पुन्हा गाडी चालू केली.

पिल्लाला लिंबाला साखळीनं बांधलं. ताटली काठीनं पुढं सरकवायची. मी रजा टाकली आणि दिवसभर खिडकीशी उभी राहायला लागले. त्यानं जांभई दिली तरी वाटायचं, जबडा लोंबतोय का? उठून गोल फिरलं की वाटायचं, हेच ते. मुलगी भिंतीकडं तोंड करून चित्रं काढत बसायची. तिनं खिडकीतून बाहेर पाहणं सोडलं होतं.

शेजारीण आली. "बाई, लेकरापेक्षा कुत्रं मोठं हाय का? इख घाला."

मी नाही म्हणाले नाही. हे मला आज लिहितानाही जड जातंय. डॉक्टरांनी दहा दिवस मारू नका म्हटलं होतं, म्हणून ते राहिलं. माझ्या मायेनं राहिलं असं म्हणता येणार नाही.

चौथ्या दिवशी सकाळी त्यानं पाणी घेतलं नाही. भांड्याकडं गेलं, मान खाली घातली आणि झटका बसल्यासारखं मागं सरकलं. पुन्हा गेलं, पुन्हा तसंच. नवरा कामावर गेला होता. मी जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला, लागेना. मग वडिलांना लावला; मुलीला चावल्याचं त्यांना आधीच कळवलं होतं. मी नुसतं "पाणी, पाणी" म्हणत होते.

"जवळ जाऊ नगस. मी निघालोच," वडील म्हणाले.

दुपारी ते एसटीनं उतरून चालत आले. घरात आलेच नाहीत. खुर्ची मागितली, लिंबापासून दहा हातांवर मांडली आणि तासभर नुसते बघत बसले.

"वेड न्हाई लागलं त्याला," शेवटी म्हणाले.

"बाबा, ते पाणी पीत नाही."

"त्याला प्यायचंय. भांड्याकडं जातंय की न्हाई? मान खाली गेली की दुखतंय त्याला. डावा कान बघ, कसा धरलाय."

मी पाहिलं. डोकं डावीकडं किंचित कलतं होतं. चार दिवस मी त्याच्या तोंडाकडंच बघत होते.

"आणि ते गुरगुरणं? ड्रमवर भुंकणं?"

"नऊ-दहा महिन्यांचं झालं की असंच करतंय. काल वळखीचं असलेलं आज भ्या दाखवतंय. हाक ऐकू येती, पण नजर लांब गेलेली असती. ह्या जातीला शहाणं व्हायला दोन वर्षं लागत्यात. आन् जेवताना अंगाला हात कशाला लावतीस?"

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तू पिल्लू मागितलंस. मोठं झाल्यावर कसं वागतंय, हे कुठं इचारलंस?"

मला राग आला, आणि त्या रागानं जरा बरंही वाटलं. पण त्यांनी चहाची बशी न पिताच खाली ठेवली. "माझं चुकलं असलं," ते हळू म्हणाले, "तर सहा दिवसांत कळंल."

दुपारी पुन्हा लावल्यावर फोन लागला आणि जनावरांचे डॉक्टर संध्याकाळच्या आधी आले. हातमोजे घालून, वडिलांच्या मदतीनं त्यांनी पिल्लाचं तोंड पट्टीनं बांधलं. नवरा नुकताच परतला होता, त्यानं अंगावर पोतं टाकून त्याला दाबून धरलं. डॉक्टरांनी कानात बॅटरी मारली आणि चिमट्यानं एक कुसळ ओढून काढलं, बोटाच्या पेराएवढं, पुवानं माखलेलं. पिल्लू माणसासारखं किंचाळलं. रानातल्या वाळल्या गवतातून पळताना आत गेलं असणार. मुलीनं गळ्यात हात टाकले ते बरोबर त्या कानावर.

"हे दुखणं होतं, म्हणून चावलं असेल," डॉक्टर म्हणाले. "पण दुसरं काही नाहीच, असं मी आज म्हणणार नाही. दहा दिवस भरू द्या."

ते गेल्यावर पिल्लू पाणी प्यायलं. थांबत थांबत, पण बराच वेळ प्यायलं. मी खिडकीखाली जमिनीवर बसून तो लपलप आवाज ऐकत राहिले.

तरी उरलेले सहा दिवस सोपे गेले नाहीत. वडील थांबले. रोज खुर्ची मांडून बसायचे आणि मी विचारायच्या आधीच सांगायचे, "खाल्लं. प्यालं." अकराव्या सकाळी पिल्लानं पुढचे पाय ताणून आळस दिला आणि आमच्याकडं बघून शेपूट हलवलं. जनावरांच्या डॉक्टरांनी त्याला राहिलेली लस दिली. पुढं मुलीचीही सगळी इंजेक्शनं पूर्ण झाली.

ती मात्र दोन-अडीच महिने त्याच्याजवळ गेली नाही. "ते आता माझं नाही का राहिलं?" असं तिनं एकदा विचारलं. "तुझंच आहे," मी म्हणाले, "पण आता ते लहान नाही." मग एका दुपारी ती लांब पायरीवर जाऊन बसली, आणि ते उठून तिच्यापासून हातभर अंतरावर येऊन पडलं. तिनं हात पुढं केला नाही. त्यानंही डोकं पायावर ठेवलं नाही.

आता ते अडीच वर्षांचं आहे. जेवताना त्याच्याजवळ कुणी जात नाही. कानात औषध घालायचं असलं की मी आधी हाक मारते, आणि ते मान वळवून माझ्याकडं बघेपर्यंत थांबते.