नसीमबानूची हिरवी बुरशी

नसीमबानू बागवान मार्केट यार्डात आजही दुसऱ्याचेच टोमॅटो विकते. गिऱ्हाइकाने टोमॅटो दाबून पाहिला की म्हणते, "अहो, नाडी बघताय का? जिवंत आहे अजून." जीभ पहिल्यापासून अशीच. याच जिभेने तिचा घात केला, तोही गोड बोलून.

बाप बागवान, नवरा बागवान. दोघांचंही आयुष्य दुसऱ्याचा माल विकण्यात गेलं. स्वतः पिकवलेला टोमॅटो स्वतःच्या नावाने यार्डात उतरवायचा, एवढा एकच हट्ट हिने धरला. नवरा गेल्यावर ती जमीन शोधत हिंजवडीत सर्जेराव नावाच्या जमीनमालकाकडे गेली. त्याने जे रान दाखवलं ते कुणी फुकटही घेतलं नसतं. टोमॅटो फुलोऱ्यापर्यंत ऐटीत वाढायचा आणि एका दुपारी माना टाकायचा. खोड चिरलं तर आत तपकिरी. गावात त्याला मर म्हणतात. हा रोग मातीतल्या बुरशीचा. झाड उपटून टाकलं तरी ती मातीत दबा धरून बसते. शेजारी कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. जमिनीचा भाव चढेपर्यंत सर्जेरावाला रानात कुणीतरी राबणारं हवंच होतं.

"घे भाभी, निम्म्या वाट्यानं," तो म्हणाला. "पिकलं तर दोघांचं. न्हाई पिकलं तर तुझं एकटीचं."

शेतकी खात्यातल्या सुनीतीबाईंनी तिला भुकटीची पुडी दिली. ट्रायकोडर्मा. "ही पण बुरशीच, नसीमबानू. पण आपल्या बाजूची. रोगाच्या बुरशीला विळखा घालते आणि खाते."

"म्हणजे आमच्या नणंदेसारखी," नसीमबानू म्हणाली, आणि कामाला लागली.

भुकटी शेणखतात कालवायची, ढीग सावलीत ठेवायचा, वर ओलं गोणपाट, अधूनमधून पालथा करायचा. ढिगावर हिरवी साय धरली की ते खत खड्ड्याखड्ड्यात घालायचं. पहिल्या हंगामात अर्धं रान गेलंच. पुढच्यात कमी गेलं. गाव हसत होतं. ती पोरासारखा तो ढीग सांभाळत होती. मग एका वर्षी सगळं रान उभं राहिलं. यार्डात क्रेट उतरले तेव्हा हमालाने आरोळी दिली, "नसीमबानूचा माल." तिने त्याला तीच आरोळी पुन्हा द्यायला लावली.

आरोळी सर्जेरावापर्यंत पोचलीच.

"भाभी, रान आता सुधरलंय. औंदा मीच कसतो."

"सुधारलं? आपोआप?"

"माती माझीच हाय न्हवं?" त्याने बांधाकडे बघत दात कोरले. "तुझं ते हिरवं शेण तेवढं ठेवून जा. दुकानातलं बुरशीनाशक बी त्याच्यासंगट सोडतो. डबल काम. चालंल ना?"

बुरशीनाशकाला आपली कुठली आणि परकी कुठली ते कळत नाही. रोगाच्या आधी ते राखणदाराचाच जीव घेतं. हे नसीमबानूच्या ओठांपर्यंत आलं होतं. पण सर्जेराव तिच्याकडे बघतही नव्हता.

"मालक तुम्ही," ती गोड म्हणाली. "चालेल की. चांगलं दाट करून सोडा."

त्या हंगामात ती मुद्दाम रानाशेजारच्या कंपनीच्या बसथांब्यावर उतरून पीक बघायची. टोमॅटोने माना टाकल्या त्या दिवशी तिने घरी शीरखुर्मा केला. एवढी क्रूर ती होती, आणि का असू नये?

पण सर्जेरावालाही जीभ होती. चहाच्या टपरीवर त्याने सांगितलं, "बाईनं जाताना माझ्या रानात बुरशी पेरली." भाकरीवर येते ती बुरशी, एवढंच गावाला ठाऊक. त्यात पेरणारीचं आडनाव बागवान. मग कुणाला पुरावा लागतो? तिने विचारलेली प्रत्येक जमीन अचानक कुणालातरी आधीच दिलेली निघाली.

राहिला गेनबा. त्याच्या वांग्यांना मर लागलेली आणि टपरीवरच्या गप्पांना तो भीक घालत नसे. नसीमबानू हिरव्या खताची बादली घेऊन त्याच्या दारात गेली. त्याने खत हातात घेऊन हुंगलं.

"ह्यानं रोग येत न्हाई, मला ठावं हाय," गेनबा म्हणाला. "सर्जाचं रान ह्यानंच उभं ऱ्हायलं. मग मेलं कशानं?"

"बुरशीनाशकाने. त्याने दोन्ही एकत्र घातली."

"तुला इचारलं न्हवतं?"

खोटं बोलता आलं असतं. पण आपण सर्जेरावाला कसं बनवलं, हे तिला कुणालातरी सांगायचंच होतं.

"विचारलं होतं. चालेल म्हटलं. दाट करून सोडा म्हटलं." आणि ती हसली.

गेनबा हसला नाही. त्याने हात धोतराला पुसले.

"उद्या तुझं-माझं वाजलं तर मला काय सांगशील?"

तिने बादली त्याच्या पायाशी ठेवली. 

"मग मला जमीन देऊ नका," ती म्हणाली. "खत ठेवा. रोपाच्या मुळाशी घाला, आणि त्याच्याबरोबर बुरशीनाशक अजिबात सोडू नका."



"हे तरी खरं कशावरनं?" गेनबा म्हणाला, आणि पायाने बादली तिच्याकडे सरकवली.