प्रमोदिनीबाईंचा शनिवार

७ फेब्रुवारी १९९४. तीन हजार सातशे पन्नास रुपये. बी.एस्सी.च्या मुलांच्या संशोधनासाठी एका विश्वस्त निधीकडून आलेली ही रक्कम खर्ची पडल्याच्या दाखल्यावर मी, कॉलेजचा हिशेबनीस, त्या सोमवारी सही केली. शेजारची सही प्रमोदिनीबाईंची.

बाई मूळच्या सांगलीच्या. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमुळे इकडे कानडी मुलखात, मल्लेश्वरमला आल्या आणि आमच्या कॉलेजात बावीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत आहेत. मुलांकडून खरं संशोधन करून घेणाऱ्या त्या एकट्याच. दर शनिवारी सगळ्यांना ओळीने उभं करून म्हणत, "काय चुकलं ते आधी. बरोबर आलेलं नंतर." वहीत खोडरबर चालत नसे. चुकीच्या आकड्यावर एक रेघ, बाजूला सही. आमच्या खतावणीचाच नियम, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर.

दुपारी बाईंची विद्यार्थिनी चंदना माझ्या टेबलाशी आली. हेब्बाळच्या तळ्यातलं पाणी दर मंगळवारी तपासायचं, हे तिचं काम.

"अण्णा, तो दाखला परत घेता येतो का?"

"टपालात गेला. का गं?"

"तीन मंगळवार मी तळ्यावर गेलेच नाही. आकडे घरी बसून लिहिले."

खोट्या कामावर माझी सही, आणि निवृत्तीला चौदा महिने. मी तिला बाईंकडे घेऊन गेलो.

चंदनाने तेच पुन्हा सांगितलं. बाईंनी विचारलं, "का गेली नाहीस?"

"बांधावर एक माणूस बसतो, मॅडम. बाटली भरायला वाकले की मागे येऊन उभा राहतो."

"शनिवारी बोलली का नाहीस?"

"सात मुलगे ऐकत असतात. त्यांच्यासमोर कसं सांगू? म्हणून थर्मामीटर फुटला, असलं काहीतरी सांगायची."

बाई म्हणाल्या, "एकटीला पाठवलं मी. आणि विचारलं चारचौघांत."

त्यांनी चंदनाकडून वहीत तीन रेघा मारून घेतल्या आणि निधीच्या चिटणिसांना पत्र लिहिलं: तीन नोंदी खोट्या, जबाबदारी मार्गदर्शकाची.

"मॅडम, मला काढून टाकतील?"

"माहीत नाही. मलाही भीती वाटतेय."

पत्राखाली मीही सही केली. अक्षर वाकडं आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं ऑटोने हेब्बाळला गेलो. तो माणूस बांधावर होताच. चंदना पाण्याशी वाकली, तसा तो उठला. बाई पर्स छातीशी धरून मध्ये उभ्या राहिल्या, मी त्यांच्या शेजारी.

"एनु बेकु?" काय हवंय, बाईंनी कन्नडमध्ये विचारलं. आवाज फाटला. तो आमच्याकडे बघत राहिला, थुंकला आणि परत जाऊन बसला. बाटली भरेपर्यंत कोणी मान वळवली नाही.

पुढचे दोन मंगळवारही तसेच गेले. मार्चमध्ये निधीचं उत्तर आलं: नव्या तीन नोंदींसह काम स्वीकारू, वर्षाच्या बक्षिसासाठी धरणार नाही. शनिवारची ओळ बाईंनी बंद केली. आता त्या एकेकाला आत बोलावतात.

पहिल्या दिवशीच्या ऑटोचे तीस रुपये बाईंनी दिले होते. माझ्या वाट्याचे दहा अजून द्यायचे आहेत.