ओढणीतली वीज

कॉम्प्युटर जोडून विकणारी दुकानं जळगावात बोटांवर मोजण्याइतकी होती, तेव्हाची ही गोष्ट. त्यातल्या एका दुकानात मी कामाला होतो. सुटे भाग इंदूरहून किंवा मुंबईहून यायचे, मी ते जोडायचो. दुकानात आणखी एक मुलगी होती, वरणगावहून रोज रेल्वेने ये-जा करणारी. तिचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा चांगल्या मार्कांनी झालेला. माझा अर्धवट सुटलेला. ती मला भाऊ म्हणायची, मी तिला ताई.

तिला घेतलं होतं फोन उचलायला आणि बिलं टाइप करायला. पण माझ्या टेबलावर मशीन उघडं दिसलं की ती येऊन उभी राहायची आणि हळूच म्हणायची, "भाऊ, ती केबल उलटी नाही ना लागली?" बहुतेक वेळा लागलेली असायची.

शेठच्या मागे लागून लागून तिने एक मशीन मिळवलं. दोंडाईच्याच्या एका आडत्याची ऑर्डर होती. शेठ म्हणाले, "तूच जोड, तूच जाऊन लावून ये. चाललं तर तुला टेबल देतो. नाही चाललं तर काउंटर, आणि मग माझ्यामागे भुणभुण नको." तिच्या घरीही तसंच ठरलं होतं. फोन उचलायला पोरीने एवढं लांब कशाला जायचं, असं वडिलांचं म्हणणं. टेबल मिळालं तर नोकरी राहील, नाहीतर आलेलं पहिलं बरं स्थळ बघायचं. हे तिने मला डबा खाताना सांगितलं होतं. म्हणजे मला सगळं माहीत होतं.

तिने मशीन जोडलं आणि ते पहिल्याच दमात चालू झालं. दिवसभर तिने ते चालूच ठेवलं. चुलीवर दूध ठेवलेल्या बाईसारखी येता-जाता बघून जायची. संध्याकाळी बंद केलं, झाकण लावलं आणि गाडी गाठायला गेली.

ती गेल्यावर मी माझ्या टेबलावरचं मशीन चालू केलं. ते सकाळी गावातल्याच एका गिऱ्हाइकाला द्यायचं होतं. पंखा फिरला, दिवा लागला, पडदा काळाच. आतला छोटा स्पीकर एकदा लांब आणि दोनदा तुटक वाजला. तो आवाज आला की समजायचं, डिस्प्ले कार्डाची तक्रार आहे. कार्ड थोडं वर उचललेलं दिसत होतं. मशीन बंद करून ते नीट बसवायचं, एवढंच काम. मी बंद केलं नाही. कंटाळा, घाई, काहीही म्हणा, चालू मशीनमध्येच अंगठ्याने कार्ड दाबलं. टिक् झालं. त्यानंतर ते कार्ड कुठल्याच मशीनमध्ये चाललं नाही.

नवीन कार्डं शेठच्या कपाटात कुलपात असायची. मागायचं म्हणजे सांगायचं. मी तिच्या मशीनचं झाकण उघडलं, तिचं चांगलं कार्ड काढून माझ्या मशीनला लावलं आणि माझं मेलेलं तिच्या मशीनमध्ये बसवलं. स्क्रू नीट आवळला. सकाळी लवकर येऊन शेठना सांगू, असं स्वतःशी म्हणालो. सकाळी मी उशिराच गेलो.

इथपर्यंतचं मी पूर्वी एक-दोघांना सांगितलं आहे, जवानीतला उद्योग म्हणून, हसत. पुढचं सांगितलेलं नाही.

मुलगी एकटी कशी जाणार, म्हणून शेठनी मला सोबत धाडलं. सुरत लाइनच्या गाडीत मॉनिटर गोधडीत गुंडाळून बाकावर ठेवला होता. कॅबिनेट मात्र तिने मांडीवर घेतलं. "खाली ठेवा की," मी म्हणालो. "नको भाऊ, हादरे बसतात." अमळनेर गेलं, नरडाणा गेलं, शिंदखेडा गेलं. सांगायला भरपूर वेळ होता. मी शेंगा घेतल्या, तिला दिल्या.

आडत्याच्या पेढीवर दहा-बारा माणसं जमलेली. टेबलावर नवी चादर, बाजूला नारळ. ती बटण दाबायला वाकली तेव्हा हसत होती.

पडदा काळा. एक लांब, दोन तुटक.

आडत्या म्हातारा होता, सगळे त्याला नाना म्हणत. त्याने अहिराणीत विचारलं, "काय व्हयनं वं पोरी? बठ्ठं काळंच शे."

"थांबा नाना, प्रवासात काहीतरी हललं असेल."

"आम्हना टीव्ही चापट मारी का चालू व्हई जास. मारू का एक?"

माणसं हसली. तीही हसली. मग तिने बंद करून झाकण काढलं आणि कामाला लागली. मी इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण बंद पडद्याचं कारण इतक्या शिस्तीने शोधताना फार कमी लोकांना पाहिलं आहे. आधी मॉनिटरची वायर, तिच्या पिना, ब्राइटनेस. मग कार्ड काढून खोडरबराने त्याच्या पट्ट्या घासल्या आणि दुसऱ्या खाचेत बसवलं. मग मेमरी. मग एकेक वस्तू काढत काढत फक्त बोर्ड, मेमरी आणि कार्ड ठेवलं. दर वेळी आधी बटण बंद, मग हात आत. दर वेळी तोच आवाज. माणसं हळूहळू पांगली. नारळ कोणीतरी उचलून आत नेला.

शेवटी ती कार्ड हातात घेऊन म्हणाली, "हेच गेलंय. पण काल दिवसभर चाललं ना, भाऊ. मी गेल्यावर कोणी हात लावला का याला?"

"नाही," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. ती माझ्याकडे बघत राहिली. संशयाने नाही, मी काही सुचवीन म्हणून. आणि मी सुचवलं. "स्टॅटिक असेल. कोरडी हवा आहे, तुमची ओढणी सिंथेटिक. अंगातली वीज कार्डात उतरते. झाकण लावताना गेलं असेल."

असं होऊ शकतं, हे पुस्तकात आहे. तिनेही वाचलेलं होतं. म्हणून तर तिला ते पटलं. तिने ओढणीचं टोक बोटांत धरलं, बघितलं आणि सोडलं. "हो का," म्हणाली.

नोकरी जाईल म्हणून घाबरलो, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. शेठ ओरडले असते, पगार कापला असता, काढलं नसतं. खरं असं आहे की तिच्या मशीनवर पडदा काळा राहिला तेव्हा मला बरं वाटलं. केबल उलटी लागलीय का म्हणून विचारणारं आता कोणी नसेल, असं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून नीट आठवतं.

परत आल्यावर ओढणीची गोष्ट शेठना मीच सांगितली. शेठना ती फार आवडली. "तरी म्हटलं, बायामाणसांच्या कपड्यांत करंट असतो!" येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगू लागले. दुसऱ्या दिवशी मी एकटाच नवीन कार्ड घेऊन दोंडाईच्याला गेलो आणि पाच मिनिटांत पडदा उजळला. नानांनी पाठ थोपटली, नारळ माझ्याच हातून फोडवला.

ती काउंटरवर बसू लागली. माझ्या टेबलाजवळून जाताना ओढणी अंगाशी घट्ट धरायची. पावसाळ्याआधीच तिचं लग्न ठरलं आणि ती यायची थांबली. शेवटच्या दिवशी पेढे दिले. "भाऊ, तुम्ही नानांना आणि त्यांच्या माणसांना सांभाळून घेतलंत त्या दिवशी," म्हणाली.

काही वर्षांनी ती अमळनेरच्या एसटी स्टँडवर भेटली. तिनेच हाक मारली. सोबत छोटी मुलगी. मी तोवर स्वतःचं दुकान टाकलं होतं, हातात नव्या बोर्डाचा खोका होता. तिचं सासर तिथलंच. दिराने कॉम्प्युटर क्लास काढलाय, म्हणाली.

"मग तुम्ही शिकवत असाल," मी म्हणालो.

"छे हो. मी फी घेते, हजेरी घेते. मशीन उघडायचं असलं की बाहेर जाऊन बसते. माझ्या अंगात करंट जास्त आहे ना. घरी सांगून ठेवलंय मी तसं." हे सांगताना ती जराही खिन्न नव्हती. कोणी आपल्याला मिठाई चालत नाही म्हणावं, तसं म्हणाली.

सांगायचं होतं ते दोन वाक्यांचं होतं. आजूबाजूला कोणी ओळखीचं नव्हतं, माझी गाडीही लागायची होती.

"काळजी घेतलेली बरी," मी म्हणालो.

"हो ना," ती म्हणाली. मग माझ्या हातातल्या खोक्याकडे तिचं लक्ष गेलं. त्यावरचं चित्र तिने पाहिलं, बोर्ड ओळखला. खोक्याकडे हात नेणाऱ्या मुलीला तिने दंडाला धरून मागे ओढलं आणि स्वतःही चार पावलं सरकली. गाडी येईपर्यंत आम्ही तसेच बोलत राहिलो, ती तिकडून, मी इकडून, आवाज थोडा चढवून.