प्रल्हादचा वॉल्व्हवाला मिक्सर

साऊंडवाल्यांचे किस्से मांडवातच जमतात. माइक लागले का नवरदेव येईपर्यंत काम नसते, मग आम्ही स्पीकरच्या आडोशाले बसून एकमेकांची उणीदुणी काढतो. मी राळेगावचा. माझे सारे किस्से कळंबच्या प्रल्हादवर येऊन थांबतात, कारण तो जुना मिक्सर त्याच्याजवळ होता अन् माझ्याजवळ नव्हता.

*

लाकडी पेटी, मोठमोठे नॉब, आत काचेचे वॉल्व्ह. गरम व्हायले इतका वेळ लागे का तोवर चहा पिऊन होये. पण आवाज असा गोड, का एकदा आमच्या एका पुढाऱ्याचं भाषण लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं!

पुढारी खाली उतरून मले म्हणे, "पुढच्या सभेले या प्रल्हादलेच सांगा." तोवर त्याच्या साऱ्या सभा मी करत होतो.

*

मंग मी नागपूरहून कोरा डिजिटल मिक्सर आणला. लाइटच लाइट. प्रल्हादले मुद्दाम दाखवाले बोलावलं.

त्यानं तो चहूकडून पाह्यला. म्हणे, "मस्त आहे गा. मोबाइल चार्ज होते का याच्यावर?"

*

खरी आग लावली ती माझ्या बायकोनं. शोभा भजनी मंडळात गाते. मी घरी तिचं रेकॉर्डिंग केलं, तर म्हणे, "सर्दी झाल्यावाणी वाटते." तेच भजन प्रल्हादकडे गायली अन् ती कॅसेट पोळ्या लाटता लाटता दिवसभर वाजवली. माझा जीव जळून राह्यला होता. मले दुसरं काही नको होतं, तो मिक्सर पाहिजे होता.

*

मंग कापसाचा भाव पडला. लोकांनी लग्नातून पहिले आमचा साऊंडच कापला. प्रल्हादनं दुकान बंद केलं अन् पोराकडे नागपूरले निघाला. जाताना मिक्सर माझ्या घरी आणून ठेवला.

"तुहा डोळा होता याच्यावर. ठेव."

मले वाईट वाटाले पाहिजे होतं. पण मी लई खूश झालो.

*

दुसऱ्या दिवशी सकाळीच शोभाले माइकसमोर उभं केलं. तोच मिक्सर, तेच भजन. ऐकलं, तर पुन्हा सर्दी. मी तारा बदलल्या, वॉल्व्ह पुसले. काहीच फरक नाही.

शेवटी प्रल्हादले फोन लावला. "काहून बे, शोभासाठी कोणता नॉब फिरवत होता?"

"नॉब? काहीच नाही. गाण्याच्या आधी मी वहिनीले विचारत होतो, घरी सारं बरं आहे ना? मंग त्या तासभर तुह्याबद्दल बोलत. मन मोकळं झालं का सूर आपोआप लागे."

फोन ठेवला. शोभा तशीच माइकसमोर उभी.

"काय म्हणतात भाऊ?"

मी घसा साफ केला. म्हटलं, "घरी सारं बरं आहे ना?"

शोभानं पदर खोचला.