थोड्या वेळाने या

बोईसरच्या एका कारखान्यात मेल सांभाळायचं माझं काम. म्हणजे आत कोणाला घ्यायचं आणि दारातूनच कोणाला वाटेला लावायचं, ते ठरवायचं. मध्यंतरी खोट्या मेलांनी इतका ताप दिला की साहेब म्हणाले, "मोठ्या कंपन्यांचे सर्व्हर सोडून बाकी सगळे बंद करा." सुक्याबरोबर ओलंही जळलं तर साहेबांना चालणार होतं. मला नव्हतं. त्या बाकीच्यांत माझे बाबा होते.

बाबा इथून जवळच्या माहीम गावी वाडीत एकटे राहतात. कान गेल्यापासून त्यांच्याशी फोनवर बोलायचं म्हणजे सगळ्या आळीला ऐकवायचं. म्हणून ते रोज सकाळी मला मेल लिहितात, तोही स्वतःच्या सर्व्हरवरून. निवृत्तीनंतर हौसेने शिकून एका जुन्या कॉम्प्युटरवर त्यांनी तो उभा केला. लोक हसले, तर म्हणाले, "आपली विहीर असताना दुसऱ्याकडं पानी कशाला मागायचं?" मेलमध्ये काय, तर पानवेलीला नवी फूट आली, मांजर ओटीवर व्याली. ते वाचल्याशिवाय माझा चहा गोड लागत नाही.

साहेबांना मी मधला मार्ग सुचवला. अनोळखी सर्व्हरला नाही म्हणायचं नाही, "थोड्या वेळाने या" म्हणायचं. खरा असतो तो आपणहून परत येतो, खोट्याला तेवढा धीर नसतो. आमच्याकडे किनाऱ्यावरच्या नवापूरहून मासे घेऊन येणाऱ्या मावशी अशाच. मी आंघोळीला असले तर गल्ली फिरून पुन्हा दारात हजर. साहेबांना हे पटलं.

खोटे मेल थांबले. बाबांचेही थांबले.

नोंदी पाहिल्या. बाबांचा सर्व्हर रोज सकाळी येत होता, "थोड्या वेळाने या" ऐकत होता आणि त्या दिवसात पुन्हा फिरकत नव्हता. दुसऱ्या सकाळी आला की आमच्या लेखी तो परत अनोळखीच. खरा असतो तो परत येतो, असं मीच साहेबांना सांगून बसले होते. चौथ्या दिवशी मात्र राहवेना. कारखान्यातून सुटले ती थेट माहीमला गेले.

बाबा ओटीवर सुपारी सोलत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "कामात असशील, बाय. उत्तर नाय दिलंस तरी चालतं." मला रडूच आलं.

आत जाऊन कॉम्प्युटर लावला, तर चारही मेल निघायच्या रांगेत तसेच उभे. मी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "बाबा, मेल पाठवल्यावर तुमी काय करता?"

"काय करनार? बटन बंद. वाडीला पानी देऊन झाल्यावर पंप कोन चालू ठेवतो?"

म्हणजे सर्व्हर बिचारा परत यायला तयारच होता. त्याआधीच बाबा त्याला झोपवत होते.

सगळं समजावून सांगितलं. मग म्हटलं, "तुमच्यापुरती मी सूट ठेवते. तुमाला थांबायलाच नको."

"नको. सगळे थांबतात तर मीपन थांबीन," बाबा म्हणाले. "तू दार लावलं नायस ना? मग झालं."

आता त्यांचा मेल जरा उशिरा येतो, चहा गार झाल्यावर. मी थांबते.

गेल्या रविवारी माहीमला गेले तेव्हा बाबा वाडीत होते. घरात पंखा बंद, दिवे बंद, पंपही बंद. जन्मभर त्यांनी एक बटण उगाच चालू ठेवलं नाही. कोपऱ्यात फक्त कॉम्प्युटर घुंघुं करत होता, आणि सवयीने हात जाऊ नये म्हणून त्याच्या बटणावर बाबांनी चिकटपट्टी लावली होती.