सब्जेक्टमध्ये नकार, खाली होकार

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कुणी दृष्ट काढायला बसवलं तरी मला हसू येतं. तरी हे लिहितेय... कारण ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी मलाच खोटं ठरवलं. ठरवा खुशाल!

आमचं घर वडूजला. नवरा सैन्यात, लांब पोस्टिंगवर. घरी मी, सासूबाई आणि सासरे – निवृत्त सुभेदार, आम्ही त्यांना आबा म्हणतो. मला सांगलीत, विश्रामबागच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरी लागली. आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहायचं, शनिवारी घरी यायचं. इतकी वर्षं कपाटात पडलेल्या माझ्या डिग्रीचं एकदाचं काहीतरी होणार होतं. आबा म्हणाले, "न्हाई." नवरा फोनवर म्हणाला, "आबा म्हणतील तसं."

नकाराचा मेलसुद्धा आबांनीच सांगितला. भर दुपारी, पुढच्या सोप्यात बसून. फौजेतली सवय – आधी विषय, मग आकडे घालून मजकूर. विषय : रुजू होण्यास असमर्थता. खाली : १. कौटुंबिक कारणामुळे मी रुजू होऊ शकत नाही. २. जागा दुसऱ्यास द्यावी. ३. निर्णय अंतिम आहे.

संताप गिळून मी सांगितलं ते अक्षरन् अक्षर टाइप केलं. आबांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं आणि सेंडही स्वतःच केलं. लॅपटॉप त्यांच्याच कपाटात गेला.

संध्याकाळी कॉलेजच्या मॅडमचा फोन आला. आबांनी मला तो स्पीकरवर टाकायला लावला.

"अहो, सब्जेक्टमध्ये नकार आणि खाली होकार? आम्ही खालचा मजकूर धरलाय हं. सोमवारी या!"

आबांनी लॅपटॉप काढला. सेंट फोल्डरमध्ये तोच मेल, तोच विषय. खाली मात्र – १. मी सोमवारी रुजू होत आहे. २. जागा दुसऱ्यास देऊ नये. ३. निर्णय अंतिम आहे.

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

"कवा बदललंस गं ह्ये?" आबा कडाडले.

"आवं, तुमीच वाचलंसा, तुमीच पाठवलंसा. मी हात कुठं लावला?"

त्यांनी चष्मा पुसून मेल पुन्हा वाचला. म्हणाले, "बरं. दुसरा लिव्ह. चूक झाली म्हणून कळव."

त्या क्षणी माझी भीती कुठे पळाली कोण जाणे. लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला. "ह्यो मेल मी लिवला न्हाई, आबा. पर ह्यात एक अक्षर खोटं न्हाई. दुसरा तुमी लिवा."

आतून सासूबाईंच्या भाकरी थापण्याचा आवाज थांबला. आबांनी एका बोटाने विषय टाइप केला. त्याच्याखाली मात्र काहीच लिहीनात. शेवटी सासूबाईच बाहेर आल्या, पिठाच्या हातांनी. "आवं, जाऊ द्या की तिला."

सोमवारी मी विश्रामबागला होते. आजही आहे.

लॅबमधल्या सगळ्यांना विचारून झालं. गेलेला मेल असा बदलत नाही, म्हणतात. मलाही ते कळतं, माझं कामच ते आहे! उत्तर मात्र अजून सापडलेलं नाही. आणि 'तूच केलं असशील' म्हणणाऱ्यांनो – मी केलं असतं ना, तर त्याच संध्याकाळी आबांच्या तोंडावर सांगितलं असतं.