आजची चूक

आमच्या थोरल्या जाऊबाई तोंडाच्या फटकळ. भाजी खारट झाली तर "मीठ कुणी टाकलं?" असं त्या विचारत नाहीत, "कुणाकुणाचा हात लागला?" असं विचारतात. नर्सिंग कॉलेजात शिकवतानाही हाच खाक्या. तास सुरू व्हायचा तो फळ्यावर "आजची चूक" लिहून. वॉर्डात जिच्या हातून काही चुकलं, तिनेच उठून सांगायचं. दुसरीचं नाव घ्यायचं नाही. मग त्या विचारायच्या, "आणखी कोण?"

मीही तिथेच शिकवते. पण मी मुलखाची भित्री.

त्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने आजोबांच्या इंजेक्शनात पाण्याऐवजी पोटॅशियम भरलं. दोन्ही कुप्या सारख्या दिसणाऱ्या, एकाच खणात. टोचण्याआधी सिस्टरने तिचा हात धरला म्हणून आजोबा वाचले. वेगळा खण द्या म्हणून जाऊबाई वर्षभर संचालकांच्या मागे लागल्या होत्या. आता संचालक म्हणाले, मुलगी निष्काळजी, तिला काढू. आणि वर्गात हा विषय निघाला तर तुम्हीही घरी बसा.

"ताई, या वेळी तरी गप्प बसा ना," मी हात जोडले.

"तू बस. तुला सवय आहे."

मला ते फार झोंबलं.

तासाला संचालक मागच्या बाकावर येऊन बसले. मी दारापाशी उभी. जाऊबाईंनी फळ्यावर नेहमीचं लिहिलं. मग जिला सगळ्या चिमणी म्हणायच्या, ती उठली.

"ते मी भरलं, मॅडम. कुपीवरचं नाव वाचलं नाही."

"वाचायलाच हवं होतं, बाळा. बस. आणखी कोण?"

मग जाऊबाईंनी स्वतःकडेच बोट केलं.

"दोन्ही कुप्या एका खणात आहेत हे मला माहीत होतं. तरी तुम्हाला तिथे पाठवलं. ही माझी. आणखी कोण?"

आता त्या थेट मागच्या बाकाकडे बघत होत्या. मुलीही वळल्या. संचालक उठले. मला वाटलं, बोलतील. ते दार आपटून निघून गेले.

संध्याकाळपर्यंत चिमणीला काढलं, जाऊबाईंनाही.

दुसऱ्या दिवशी त्यांचा तास मला दिला. निष्काळजीपणावर बोला, असा हुकूम होता. संचालक पुन्हा मागे बसलेले. हातातून खडू दोनदा निसटला. तिसऱ्यांदा उचलून मी लिहिलं, "आजची चूक".

"काल दोघींना काढलं, तेव्हा मी गप्प बसले," मी म्हणाले. आवाज माझाच आहे का, कळेना. "ही माझी. आणखी कोण?"